पुळी म्हणजे चिंच

आमच्या घरात ळ नव्हता. लोखंडी तवा होता, सकाळची बुद्धवंदना होती, अंबाडीच्या भाजीचा आंबट वास होता, बाबांच्या सायकलची घंटी होती. ळ तेवढा नव्हता. आम्ही शाळेला शाया म्हणायचो, डोळ्याला डोया, केळ्याला केयं आणि गोळाभाताला गोयाभात. गावाकडे, पार विदर्भाच्या त्या टोकाला, सगळेच तसं बोलत असल्यामुळे आपल्याकडे काही कमी आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग बाबांना पुण्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, आम्ही येरवड्याच्या एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आलो आणि मला मुलींच्या शाळेत पाचवीत घातलं. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या वर्गशिक्षिकेचं आडनाव केळकर आहे.

मी हात वर केला आणि म्हणाले, "केयकरबाई, पानी प्यायले जाऊ?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाल्या, "केयकरबाई या शाळेत नाहीत. असत्या तर त्यांनी तुला पानी दिलं असतं. माझ्याकडे फक्त पाणी आहे."

बाई वाईट नव्हत्या. या शहराची बोलायची रीतच तशी, हे मला पुढे कळलं; आता इतकी वर्षं इथे काढल्यावर धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीही असलं एखादं वाक्य टाकते आणि वर साळसूदपणे चहा पिते. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला रीत कळत नाही, हसणं कळतं. त्या दिवसापासून मी ळ असलेले शब्दच टाळायला लागले. फळा म्हणायचं नाही, भिंतीवरची मोठी पाटी म्हणायचं. काळा म्हणायचं नाही, कोळशासारखा म्हणावं तर त्यातही ळ, म्हणून काजळासारखा, तर तिथेही तोच दबा धरून बसलेला. शेवटी मी डांबरासारखा या शब्दावर येऊन थांबले. माझ्या निबंधात त्या वर्षी गाय डांबरासारखी, ढग डांबरासारखे आणि आजीचे तरुणपणचे केसही डांबरासारखे होते. बाईंनी समासात लिहिलं होतं, 'रस्ते खात्यात नोकरी लागेल.'

अशा दिवसांत आमच्या शेजारच्या खोलीत कामाक्षीअक्का राहायला आली. तिचा नवरा लष्करी सामानाचा ट्रक चालवायचा. आठ-आठ दिवस बाहेर असायचा. तो सगळीकडे फिरलेला, हिंदी फर्डं बोलायचा. ती मात्र लग्न होऊन थेट सेलमहून आलेली, जेमतेम विशीतली, आणि तमिळखेरीज तिला एक अक्षर येत नव्हतं. पहाटे आमच्या घरी वंदना चालायची तेव्हा भिंतीपलीकडे तिचा दगडी रगडा घर्र घर्र फिरत असायचा. त्या दोन आवाजांवर मी जागी व्हायचे. अक्का हा शब्द तेवढा तिचा-आमचा एकच निघाला. मी तिला अक्का म्हणायचे, ती आईला अक्का म्हणायची. त्यापुढे सगळा अंधार.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामं भांडं घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "अक्का, पाल! पाल!" आई किंचाळली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि छताकडे, दाराच्या मागे, मांडणीखाली पाल शोधायला लागली. अक्काही घाबरून आमच्याबरोबर मांडणीखाली वाकून बघायला लागली. दोघींनी मिळून अर्धं घर उलटंपालटं केलं. अखेर अक्काने आमच्या दुधाच्या पातेल्यावर बोट ठेवलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "पाल." आई झाडू घेऊनच मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने भांडं भरून दूध दिलं. त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली.

बाबांचंही तसंच. संध्याकाळी ते घरी आले की ओट्यावर बसलेली अक्का हसून म्हणायची, "वा, वा!" बाबा खूश. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून आलेल्या माणसाला कुणीतरी वाहवा करतंय म्हटल्यावर ते सायकलवरून जरा ताठ उतरायचे. वा म्हणजे या, एवढंच त्यात होतं, हे मला महिन्याभराने कळलं. मी बाबांना ते सांगितलं नाही.

मी शाळेतून आले की अक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. ती एकेक वस्तू उचलून नाव सांगायची, मी तिला आमचं नाव सांगायचे. एके दिवशी तिने चिंचेचा गोळा भिजत घातला होता. तो दाखवून ती म्हणाली, "पुळी."

मी म्हणाले, "पुयी."

तिने मान हलवली. "पुळी."

मी जीव एकवटून म्हणाले, "पुली!"

अक्काने डोळे मोठे केले, दोन्ही हातांचे पंजे करून गुरगुरली आणि माझ्या अंगावर आली. पुली म्हणजे वाघ. मग तिने त्या वाघाला शेपटीला धरून रसमच्या भांड्यात बुचकळायचा अभिनय केला आणि आम्ही दोघी चुलीपाशी लोळून हसलो. हसू ओसरल्यावर मात्र ती गंभीर झाली. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "नाक्कु मेले. नाक्कु मेले."

नाक मेलं? मी नाक चाचपून पाहिलं. ती जोरजोरात नाही नाही करत राहिली. मग तिने स्वतःचं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढून तिच्यावर बोट ठेवलं, "नाक्कु", आणि टाळूकडे बोट नेलं, "मेले." जीभ वर. जिभेचं टोक असं मागे वळवायचं, टाळूला टेकवायचं आणि झटकन खाली सोडायचं. आतापर्यंत मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. वर्गात सगळ्या जणी फक्त म्हणून दाखवायच्या, "ळ, ळ, अगं ळ!" तोंडाच्या आत काय घडतं ते कुणी उघडून दाखवलं नव्हतं. चार दिवस मी नळावर, पायखान्याच्या रांगेत, अंथरुणात जीभ वळवत होते. पाचव्या दिवशी रसमचा वास नाकात घेऊन मी म्हणाले, "पुळी." अक्काने हातातली पळी टाकून माझा मुका घेतला.

अशा रीतीने पुण्यातला शुद्ध ळ मी सेलमच्या बाईकडून शिकले. सोमवारी वर्गात मी हात वर केला. "केळकरबाई, मी फळा पुसू?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पूस," त्या म्हणाल्या. मी पुसून जागेवर बसेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आणि त्या केयकरबाई भेटल्या तर त्यांना माझा नमस्कार सांग. वर्षभर माझा वर्ग त्यांनीच सांभाळला." या वेळी वर्गाबरोबर मीही हसले.

दरम्यान अक्का मराठी शिकत होती, पण माझ्याकडून नाही, आईकडून. तिच्या जिभेवर ळ लखलखीत होता, तरी आई केयं म्हणायची म्हणून तीही केयं म्हणायची. एकदा आम्ही तिघी बसने मंडईत गेलो. अक्काने एका गाळ्यापुढे उभं राहून केळ्यांच्या घडाला हात लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊ, केये कसे देल्ले? इतले महाग काऊन बाप्पा?" गाळेवाला गालात हसून म्हणाला, "बाई नागपूरच्या दिसतात." अक्का म्हणाली, "नाई. सेलमची हाये मी." तो माणूस तोंड उघडं टाकून बघतच राहिला. आईला काय अभिमान वाटला! परतीच्या बसमध्ये ती कंडक्टरलाही सांगत होती की ही मद्रासकडची पोट्टी, पण आपली भाषा कशी बोलून राहिली बघा.

इथे मला जी गोष्ट लिहायला आवडत नाही ती लिहिली पाहिजे. ळ आल्यावर मी घरात शाळेतली बाई झाले. आई शाया म्हणाली की मी म्हणायचे, शाळा. डोया म्हणाली की डोळा. बाबा कौतुकाने म्हणायचे, "लेक पुण्याची झाली." मला चेव चढायचा. एके सकाळी चाळीतल्या सगळ्या बायका पाणी भरत असताना आई म्हणाली, "आज नय लवकर गेला व," आणि मी सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "नय नाही गं आई. नळ. किती वेळा सांगायचं?" बायका हसल्या. आई घागर उचलून आत गेली. त्यानंतर परक्या माणसांसमोर ती बोलेनाशी झाली. किराणा दुकानात बोट दाखवायची. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बघायची. मला ते तेव्हा मोठेपण वाटलं. घराचा कारभार आपल्या तोंडून चालतो असं वाटलं.

परवा माझ्या नातीने, रेवाने, मला सांगितलं की आजी, पिझ्झा नाही गं, पीत्सा म्हणतात. तिने फोनमधून एका इटालियन बाईच्या आवाजात तो शब्द चारदा ऐकवला. तिच्या फोनला जगातल्या सगळ्या भाषा येतात. मी हसले, पण पुढे जेवण संपेपर्यंत तो शब्द काही मी उच्चारला नाही. "तो तुकडा दे जरा" म्हणत राहिले. ताटावरून उठताना एकदम आई आठवली.

तर त्याच दिवसांत अक्काच्या पायाला पत्रा लागला. नळाच्या चौथऱ्यापाशी कुणीतरी डब्याचं झाकण टाकलं होतं. तिने हळद लावून चिंधी बांधली आणि दोन दिवस तशीच लंगडत कामं केली. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भिंतीपलीकडून रगड्याचा आवाज आला नाही. आई जाऊन बघते तर पाय घोट्यापर्यंत सुजलेला आणि अंग तव्यासारखं तापलेलं. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी. बाबांची सुट्टी गुरुवारची, ते कारखान्यात. आईने रिक्षा बोलावली, अक्काला आधार देऊन बसवलं आणि मला म्हणाली, "चाल तू. तुले दोन्ही येते." मी शाळेचा फ्रॉक घालून, वेण्या घट्ट करून निघाले, दुभाषी म्हणून.

दवाखाना मोठा होता. डॉक्टरांनी जखम पाहिली, केसपेपरवर लिहिलं आणि पलीकडच्या खाटेकडे गेले. अक्काला एका खाटेवर निजवलं, डोक्याखाली रेक्झिनची टणक उशी. एक सिस्टर ट्रे घेऊन आल्या. "तुमच्यापैकी मराठी कुणाला येतं?" त्यांनी विचारलं. आई एक पाऊल मागे सरली आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

"मला येतं," मी म्हणाले.

"छान. पेशंटला विचार, याआधी असं इंजेक्शन घेतलं होतं का? घेतल्यावर काही त्रास झाला होता का?"

माझं तमिळ स्वयंपाकघरातलं. मीठ, चिंच, पाणी, ये, जा, हवं, नको. इंजेक्शनला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं आणि त्रासालाही. पण सिस्टरांपुढे तसं कबूल करायला जीभ वळेना. मी ट्रेकडे बोट दाखवलं आणि मला येत होता तेवढा शब्द वापरला, "वेणुमा?" हवंय का?

अक्काने ट्रेकडे पाहिलं आणि ती ताडकन उठायला गेली. "ऊसी वेण्डाम! ऊसी वेण्डाम!"

वेण्डाम म्हणजे नको, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वच्छ, शुद्ध मराठीत सांगितलं, "त्यांना उशी नको आहे."

"एवढंच ना," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी डोक्याखालची उशी काढून घेतली. अक्का आणखीच ओरडायला लागली. दंड छातीशी घट्ट धरून ती रडत होती, ऊसी, ऊसी म्हणत होती. "घाबरलीय," सिस्टर म्हणाल्या. "पण त्रास-बिस काही झालेला नाही ना आधी?"

"नाही," मी म्हणाले.

"मग धर तिचा हात नीट."

मी धरला. दोन्ही हातांनी, चांगला जोर लावून. अक्का माझ्याकडे बघत होती. सिस्टरांनी कापसाचा बोळा दंडावर फिरवला, सुई वर धरून एक थेंब उडवला.

"थांबा!"

इतका मोठा आवाज आईचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आईने पुढे येऊन सिस्टरांचं मनगटच धरलं. "टोचू नका तिले! उशी नाई, सुई म्हनून राहिली थे! ऊसी म्हंजे सुई! तिच्या गावाले एकदा टोचलं होतं, तं तोंड हे एवढं सुजलं तिचं, दम कोंडला, मरता मरता वाचली पोरगी!" बोलता बोलता तिने गाल फुगवले, एक हात गळ्यावर दाबला, डोळे पांढरे केले. खाटेवरून अक्का जीव तोडून मान हलवत होती, हो, हो, हो.

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टर धावत आले. त्यांनी आईला एकेक विचारलं, आईने ते अर्धं वऱ्हाडी, अर्धं तमिळ आणि उरलेलं हातवाऱ्यांनी अक्काला विचारलं. सूज आधी ओठांना आली होती का? हो. अंगावर गांधी उठल्या होत्या? हो, पोटावर, पाठीवर. कशासाठी दिलं होतं ते औषध? घशाच्या गाठींसाठी. किती वर्षं झाली? लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं, दुसरं औषध सांगितलं आणि आईला म्हणाले, "बाई, आज तुम्ही नसता तर अवघड होतं." मग माझ्याकडे वळले. "आणि तुझं मराठी फार स्वच्छ आहे हं. आता थोडं ऐकायचंही शीक."

सिस्टरांनी उशी पुन्हा अक्काच्या डोक्याखाली सारली.

नंतर आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. अक्काचा दंड अजून माझ्या हातांत असल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, "आई, तुला ऊसी कसं माहीत?"

"तू शायेत गेली का आमी दोघी गोदडी शिवत बसतो. ऊसी दे म्हनते थे, मी देतो. तवाच सांगतलं होतं तिनं सारं."

"मग तू आधीच का नाही बोललीस?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुले नाई आवडत ना मी चारचौघांत बोललेलं," ती म्हणाली. रागाने नाही. मला भात जास्त आवडत नाही असं सांगावं, तशी.

 

अक्का दहा दिवस दवाखान्यात होती. आई रोज डबा घेऊन जायची, शाळा सुटल्यावर मी मागोमाग. आईने तिच्यासाठी रसम करून नेलं, ते आमच्या हाताच्या सवयीने इतकं तिखट झालं होतं की अक्काच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तरी तिने वाटी चाटूनपुसून संपवली. हळूहळू आई सगळ्या वॉर्डचीच झाली. पलीकडच्या खाटेवर बांधकामावरची एक कानडी बाई होती, कोपऱ्यात एक तेलुगू म्हातारी. दोघींचं कुणाला काही कळायचं नाही. आई त्यांच्या खाटेवर जाऊन बसायची, हात हातात घ्यायची, चार शब्द आपले टाकायची, चार त्यांचे उचलायची, आणि थोड्या वेळाने सिस्टरांना सांगायची, "हिले पाठीत दुखून राहिलं, पोटात नाई." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. चुकलं तर ती पहिली हसायची. सिस्टर लांबूनच हाक मारायला लागल्या, "विशाखाची आई, जरा इकडे या हो, ही काय म्हणते बघा!"

पाचव्या-सहाव्या दिवशी रखवालदाराने भेटायची वेळ नाही म्हणून आईला दारात अडवलं. इंजेक्शनच्या वेळच्या त्याच सिस्टर बाहेर आल्या. टेबलावरून एक छापील पास घेतला, पेनाचं टोपण काढलं. "यांना कधीही सोडायचं," त्या रखवालदाराला म्हणाल्या, आणि आईकडे वळल्या. "मावशी, नाव काय लिहू तुमचं?"

पुण्यात आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. चाळीत, दुकानात, दवाखान्यात ती विशाखाची आई होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "कमया."

सिस्टरांचं पेन थांबलं. "कमया? कमला, की कमळा?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या शाळेच्या अर्जावर बाबांच्या अक्षरात आईचं नाव काय लिहिलंय ते मला माहीत होतं. माझी जीभ सवयीने टाळूपर्यंत वळलीसुद्धा होती. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, डब्याच्या कडीशी चाळा करत होती.

"कमया," मी म्हणाले. "शेवटचं अक्षर या."

सिस्टरांनी तसंच लिहिलं. आई चौथीपर्यंत शिकलेली; तिने पास हातात घेऊन एकेक अक्षर लावून वाचलं, घडी घातली आणि कमरेला खोचला. आतून कुणीतरी तिला हाका मारतच होतं. ती भराभर आत गेली, आणि डबा उचलून मी तिच्यामागून निघाले.